पुरलेल्या मोटारीचे इंजिन

१५ जून १९५७. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य स्थापन होऊन पन्नास वर्षे झाली म्हणून टल्सा शहरात मोठा उत्सव चालू होता. न्यायालयाच्या हिरवळीवर एक खोल खड्डा खणून त्यात काँक्रीटची कोठी बांधलेली होती आणि क्रेनच्या साहाय्याने त्या कोठीत एक कोरी करकरीत मोटार उतरवण्यात येत होती. सोनेरी-पांढऱ्या रंगाची, पाठीमागे माशाच्या परांसारखे पंख असलेली प्लिमथ बेल्व्हेडिअर! आणखी पन्नास वर्षांनी, म्हणजे २००७ साली, कोठी उघडायची, गाडी बाहेर काढायची आणि २००७ मधल्या टल्साची लोकसंख्या ज्याने सर्वांत अचूक वर्तवली असेल त्याला ती बक्षीस द्यायची, असा बेत होता.

१९५७ हे शीतयुद्धाचे वर्ष होते. त्यामुळे कोठी बांधली ती अणुहल्लासुद्धा सोसेल अशी. शिवाय संयोजकांच्या मनात दुसरी एक शंका आली. २००७ पर्यंत पेट्रोलवर चालणारी इंजिनेच इतिहासजमा झाली तर? मग ही गाडी चालवायची कशाने? म्हणून त्यांनी गाडीसोबत दहा गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर पेट्रोल आणि थोडे इंजिन ऑइलही ठेवून दिले. गाडीला गंजरोधक लेप दिला, वेष्टनात गुंडाळले आणि वर झाकण बसवले.

आता आपण असे समजू की सगळे बेतानुसार पार पडले. २००७ साली कोठी कोरडी ठणठणीत निघाली. मग किल्ली फिरवून इंजिन सुरू करता आले असते का?

मुळीच नाही. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला पहिल्याच झटक्यात सेल मारणे म्हणजे त्याचे नुकसान ओढवून घेणे. इंजिन चालू असते तेव्हा क्रँकशाफ्ट आणि तिची बेअरिंगे एकमेकांना जवळजवळ टेकतच नाहीत. मध्ये तेलाचा पातळ थर असतो, मिलिमीटरच्या हजारांशांत मोजावा इतका, आणि सगळा भार तो तोलतो. इंजिन बंद पडले की हे तेल हळूहळू ओघळून खालच्या चेंबरमध्ये जमते. वर राहतो तो धातूवर टेकलेला धातू. म्हणून जाणता मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो आणि काही दिवस स्वस्थ बसतो. (हे स्वस्थ बसणे सर्वांत अवघड. दोन पावसाळे बंद असलेला आमच्या प्रयोगशाळेतला जनरेटर मी असाच उतावळेपणाने सुरू करायला गेलो आणि पिस्टनची रिंग मोडून बसलो.) मग क्रँकशाफ्टला पाना लावून ती हाताने, अगदी सावकाश फिरवायची. हाताला अडथळा जाणवतो, यंत्राला जाणवत नाही. ती मोकळी फिरली की जुने तेल काढून नवे भरायचे आणि प्लग न लावताच इंजिन फिरवत राहायचे. प्लग नसल्याने सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही, त्यामुळे बेअरिंगवर भार कमी येतो आणि तेवढ्यात ऑइल पंप तेल सगळीकडे पोचवतो. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला की मगच ठिणगी आणि पेट्रोल यांचा विचार करायचा.

ठिणगीचे काम तुलनेने सोपे. संपर्कबिंदूंवर साचलेला ऑक्साइडचा थर घासून काढला, बॅटरी नवी घातली की बहुधा भागते.

पेट्रोलची कथा मात्र लांबलचक आहे. पेट्रोल म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे, ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्यांतले हलके, चटकन वाफ होणारे घटक थंड इंजिन पेटवायला लागतात, आणि नेमके तेच आधी उडून जातात. उरलेल्यांपैकी दुहेरी बंध असलेले रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून राळेसारखा चिकट पदार्थ तयार करतात. कार्ब्युरेटरमधली बारीक छिद्रे बुजवायला तो थोडासाही पुरतो. घट्ट बंद डब्यात ही क्रिया मंदावते, थांबत नाही. तेव्हा कोठीतले ३८ लिटर पेट्रोल गाडीत न घालणेच शहाणपणाचे ठरले असते.

पण गंमत पुढेच आहे. संयोजकांची शंका अगदीच खोटी नव्हती! १९५७ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक सगळ्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग असे. इंजिनातला ठोका थांबवण्याचा त्याचा गुण थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधला होता. शिसे विषारी आहे, हे त्या वेळीही माहीत होते. तरीही अमेरिकेतल्या रस्त्यांवरून ते पूर्णपणे हटायला १९९६ उजाडले. भारतात ते २००० साली हटले आणि जगातल्या शेवटच्या पंपावरून, अल्जीरियात, २०२१ मध्ये. म्हणजे २००७ साली पेट्रोल होते, पण १९५७ चे पेट्रोल नव्हते. त्यातल्या शिशाच्या संयुगांचा थर जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसे आणि तिची झीज रोखे. बिनशिशाच्या पेट्रोलवर जुनी मऊ बैठक जोराने आणि दीर्घकाळ गाडी चालवली तर झिजते. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तर जुन्या रबरी नळ्याही खराब होतात आणि इथेनॉल पाणी शोषून घेते ते वेगळेच.

हा सगळा विचार अखेर कामी आलाच नाही. जून २००७ मध्ये कोठीचे झाकण उचलले तेव्हा आत काही फूट पाणी साचलेले होते. पूर्वी कधीतरी पाण्याची पातळी याहूनही वर गेल्याच्या खुणा दिसत होत्या. अणुबाँबला दाद न देणाऱ्या कोठीत पाणी मुरले होते! १५ जूनला हजारो प्रेक्षकांसमोर वेष्टन फाडले गेले. जुन्या गाड्यांचे नामवंत कारागीर बॉइड कॉडिंग्टन तेथे हजर होते. वेष्टनाखालून निघाला तो तांबूस चिखलाने माखलेला सांगाडा. सोनेरी रंग कुठे कुठे शोधावा लागत होता. इंजिन पार जाम झालेले.

शाळेत आपण खिळ्यांचा प्रयोग करून दाखवतो. एका परीक्षानळीत खिळे, पाणी आणि हवा. दुसरीत उकळलेले पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा आणि कॅल्शियम क्लोराइड. फक्त पहिल्या नळीतले खिळे गंजतात. टल्साची कोठी ही पन्नास वर्षे मांडून ठेवलेली पहिली परीक्षानळी होती. पाणी चढत-उतरत राहिले, त्यामुळे ओल आणि ऑक्सिजन दोन्हींचा पुरवठा चालू राहिला. बंद इंजिन आतून सुरक्षित असते असे वाटते, तेही खरे नाही. अनेक सिलिंडरांचे इंजिन कुठेही थांबवा, कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. तेथून ओल शिरते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यात अशी जागा नसतेच. तेथे तयार झालेला गंज पाचरीसारखा रुतून बसतो.

त्याच कोठीत दुसरी आणि तिसरी परीक्षानळीही होती का? तिसरी होती, असे म्हणता येईल. गाडीमागे पोलादाची एक पेटी ठेवली होती. तिच्यात कागदपत्रे, राष्ट्रध्वज आणि लोकांनी वर्तवलेले लोकसंख्येचे आकडे होते. तिचे तोंड वितळजोड करून बंद केलेले असल्याने आतले सारे जवळजवळ जसेच्या तसे निघाले. तेच पाणी, तीच पन्नास वर्षे.

आणि काळाला दोष देता येत नाही याचे याहून मोठे उदाहरण इटलीचे आहे. १९१०-११ मध्ये फियाट कंपनीने वेगाच्या विक्रमासाठी एस-७६ या नावाच्या दोन गाड्या बांधल्या होत्या. इंजिन फक्त चार सिलिंडरांचे, पण २८ लिटरहून मोठे! पुढे एका गाडीची चौकट आणि दुसरीचे इंजिन एवढेच उरले. डंकन पिटवे या इंग्रज संग्राहकाने ते एकत्र आणले, नष्ट झालेले भाग नव्याने घडवले आणि सुमारे शंभर वर्षांच्या मौनानंतर, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ते इंजिन धडधडले. तेथेही अनेक वर्षे तयारीत गेली, सुरू व्हायला काही क्षण लागले.

टल्साकरांनी १९९८ मध्ये दुसरी एक मोटार, प्लिमथ प्राउलर, २०४८ सालासाठी ठेवली आहे. या वेळी कोठी जमिनीखाली नाही, जमिनीवर बांधली आहे.

बेल्व्हेडिअरचे पुढे काय झाले? लोकसंख्येचा सर्वांत जवळचा अंदाज ३,८४,७४३ होता, प्रत्यक्ष आकडा ३,८२,४५७. अंदाज करणारे गृहस्थ १९७९ मध्येच वारले होते, म्हणून गाडी त्यांच्या नातलगांकडे गेली. न्यू जर्सीतल्या गंज काढणारी द्रावणे बनवणाऱ्या एका व्यावसायिकाने पुष्कळ खटपट करून वरचा पत्रा बराच स्वच्छ केला आणि थोडा सोनेरी रंग पुन्हा दिसू लागला. २०१७ पासून ती इलिनॉयमधील रॉस्को येथील एका मोटार संग्रहालयात आहे. तिचे इंजिन काही सुरू झाले नाही.