चार-धावी आउटबोर्ड मोटर

चार-धावी (फोर-स्ट्रोक) आउटबोर्ड मोटर हे लहान नौकेच्या मागील फळीवर बाहेरून बसवले जाणारे पेट्रोल इंजिन होय. इंजिन, उभा दांडा व पंखा एकाच जोडणीत असल्याने मोटर काढता-घालता येते आणि ती वळवून नौकेला दिशा देता येते. मासेमारी व जलपर्यटनाबरोबरच पूरग्रस्तांच्या सुटकेसाठी तिचा उपयोग होतो. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा व कृष्णा या नद्यांच्या काठी हा उपयोग विशेष महत्त्वाचा आहे.

इतिहास

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड मोटरींची विक्री सुरू केली. पुढील अनेक दशके हलक्या व सोप्या रचनेच्या दोन-धावी मोटरींचे वर्चस्व राहिले. होंडा कंपनीने १९६४ मध्ये चार-धावी मोटर बाजारात आणली. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हा प्रकार सर्वत्र रूढ झाला.

वजन

चार-धावी इंजिनात झडपा, त्या उघडणारा कॅमशाफ्ट आणि वंगणतेलाची स्वतंत्र टाकी असते. त्यामुळे वजन वाढते. ४० अश्वशक्तीची दोन-धावी मोटर साधारणतः ७० ते ८० किलोग्रॅम, तर चार-धावी मोटर ९५ ते १०५ किलोग्रॅम भरते. २५ अश्वशक्तीच्या गटात हा फरक कमी झाला असून काही नव्या चार-धावी मोटरी ६० किलोग्रॅमच्या आत आहेत. रबरी बोट खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यावी लागते, तेव्हा हा फरक जाणवतो.

कार्यक्षमता

दोन-धावी इंजिनात दट्ट्या प्रत्येक फेऱ्याला शक्ती देतो, चार-धावी इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून जुनी दोन-धावी मोटर चटकन वेग घेते. मात्र तिच्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडते. चार-धावी मोटर कमी इंधन खाते, धूर कमी सोडते आणि मंद गतीवर शांतपणे चालते. पाण्याने वेढलेल्या घरांतून येणारी हाक बचाव पथकाला ऐकू येण्यासाठी ही शांतता उपयोगी पडते.

विश्वासार्हता

वंगणतेल साधारणतः दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलावे लागते. इंजिन बाहेरील पाण्यानेच थंड होते. गढूळ पाण्यातील गाळामुळे पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चकती झिजते. म्हणून वापरानंतर मोटरीतून स्वच्छ पाणी फिरवतात. वाहतुकीत मोटर चुकीच्या कुशीवर आडवी ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये शिरू शकते.

साठवलेले पेट्रोल हा बिघाडाचा मोठा स्रोत आहे. बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची शिफारस करतात, तर भारताने २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. ओलावा वाढल्यास ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. वर्षभर पडून राहून पावसाळ्यात अचानक लागणाऱ्या मोटरीची टाकी त्यामुळे हंगामाअखेर रिकामी करणे आणि वेळोवेळी मोटर चालवून पाहणे आवश्यक ठरते.

कोल्हापूर परिसरातील वापर

कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेल्याने चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांत सुटकेसाठी बोटींवर मोठा भार पडला. पुण्याजवळील सुदुंबरे येथे तळ असलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनची पथके या भागात येतात.

पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा, ऊस व झाडांच्या फांद्या असतात. त्या पंख्यात अडकल्यास मोटर बंद पडून बोट प्रवाहाच्या स्वाधीन होते. त्यामुळे वल्ही सोबत ठेवतात आणि माणसे चढताना मोटर बंद करतात.

मोटरीची अश्वशक्ती बोटीची भारक्षमता वाढवत नाही. उलट मोटर व इंधन यांचे वजन त्याच क्षमतेतून वजा होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला.