आधी पाणी

साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या माणसाला मळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वारा फिरला की नाकालाच कळतं. माझे मामा कारखान्याच्या डिस्टिलरीत फिटर होते. सुट्टीत त्यांच्याबरोबर गेलो की मी मळीच्या टाकीखाली उभा राहून वर बघत बसायचो. तिला ना खिडकी ना दार. आत किती माल आहे हे बाहेरून कळत नसे, म्हणून ती मला जरा गूढच वाटायची.

पुढे मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला सरांनी सांगितलं की 1919 साली बॉस्टनमध्ये मळीची टाकी फुटून 21 माणसं मेली. वर्ग हसला. मीही हसलो. मळीत बुडून मरणं हे ऐकायला विनोदीच वाटतं. गेल्या वर्षी कामावर एक प्रकार घडला, त्यानंतर मी हे प्रकरण नीट वाचायला घेतलं. तो प्रकार पुढे सांगतो.

1915 साल. युरोपात महायुद्ध पेटलेलं आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांना औद्योगिक अल्कोहोल हवं होतं. ते मळीपासून निघतं. ‘युनायटेड स्टेट्स इंडस्ट्रियल अल्कोहोल’ या कंपनीची एक उपकंपनी होती, प्युरिटी डिस्टिलिंग. तिने बॉस्टनच्या नॉर्थ एंड वस्तीत, बंदराला लागून, पोलादी टाकी उभारली. उंची 15 मीटर, व्यास 27 मीटर, पोटात सुमारे 87 लाख लिटर. आजूबाजूला गरीब इटालियन कुटुंबांची घरं. कामावर देखरेख आर्थर जेल यांची, आणि ते कंपनीचे खजिनदार. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, आणि ज्याला येतो अशा कोणाला त्यांनी विचारलंही नाही. मळीचं जहाज डिसेंबरअखेर येऊन ठेपणार होतं, त्याआधी टाकी उभी राहायला हवी होती.

अशी टाकी उभी राहिली की ती आधी पाण्याने भरून बघतात. जेलनी भरलं, पण सहा इंच. पंधरा मीटरच्या टाकीत सहा इंच पाणी!

इथे थोडं गणित करू; मेकॅनिकलची पदवी घेऊन कोड लिहिणाऱ्या माणसाला अशी संधी क्वचितच मिळते. मळी पाण्याच्या सुमारे 1.4 पट जड. टाकी काठोकाठ भरली की तळाशी दर चौरस मीटरला वीस टनांहून जास्त दाब येतो. हा दाब टाकीला फुग्यासारखा बाहेर ढकलतो आणि पत्रा गोलाईच्या दिशेने ताणला जातो. हिशेब केला तर तळाजवळच्या एक मीटर उंचीच्या पट्ट्याला जवळजवळ 280 टनांची ओढ बसते. त्यात ती टाकी रिव्हेटची. म्हणजे जिथे पत्र्याला पत्रा जोडलाय, तिथेच पत्र्याला भोकं. ओढ तेवढीच, ती पेलणारं पोलाद कमी.

मला एक शंका आली. पाणी हलकं, तेव्हा काठोकाठ भरलं तरी मळीच्या भाराच्या सत्तर टक्केच भार पडणार. मग त्या चाचणीतून काय निष्पन्न झालं असतं? टाकी फुटली असती का, हे सांगता येत नाही. पण पाणी पातळ असतं. मळी ज्या फटीतून दिवसभरात ओघळते, त्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडते. पहिल्याच आठवड्यात टाकीने आपली दुखणी दाखवली असती.

दुखणी नंतर मळीनेही दाखवलीच. टाकी पहिल्यापासून गळत होती. वस्तीतली मुलं डबे घेऊन यायची, ओघळणारी मळी गोळा करून घरी न्यायची. एका कामगाराने गंजाचे पापुद्रे नेऊन जेलच्या ऑफिसात ठेवले. यावर कंपनीने काय केलं? टाकीला तपकिरी रंग दिला. मळीच्या रंगाचा.

आता माझा प्रकार. आमच्या सिस्टिममध्ये एक अलर्ट रोज रात्री वाजायचा. मेमरी एका ठरावीक मर्यादेच्या वर गेली की वाजायचा, आणि पहाटे आपोआप शांत व्हायचा. झोपमोड व्हायची ती माझी. मी मर्यादा वाढवली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, ‘नॉईज कमी केला’. दोन जणांनी तो बदल तपासून मान्य केला. अकरा दिवसांनी सर्व्हर बसला आणि एका रुग्णालयाचा नोंदणी विभाग चार तास कागदावर चालला. कोणाला इजा झाली नाही. पण बॉस्टनच्या तपकिरी रंगाशी आलो तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस पुढे वाचलं नाही.

15 जानेवारी 1919. दोन दिवसांपूर्वीच जहाजाने नवी मळी ओतलेली, टाकी जवळपास भरलेली. कडाक्याच्या थंडीनंतर त्या दिवशी हवा जरा उबदार होती. दुपारी पाऊणच्या सुमारास टाकी फाटली. लाट ताशी 50 किलोमीटरहून अधिक वेगाने निघाली. उन्नत रेल्वेचे खांब वाकले, अग्निशमन ठाणं पायावरून सरकलं. माणसांबरोबर घोडेही मेले. थंड होताना मळी घट्ट होत गेली आणि अडकलेल्यांना बाहेर काढणं अवघड झालं. सुमारे दीडशे जण जखमी झाले. (दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली.)

कंपनी म्हणाली, अराजकतावाद्यांनी बॉम्ब ठेवला. काळ असा होता की लोकांना ते खरंही वाटलं असतं. खटला वर्षानुवर्षं चालला. ह्यू ऑग्डेन या वकिलाने सगळं ऐकून 1925 मध्ये निवाडा दिला : बॉम्ब वगैरे काही नाही, टाकीच कमकुवत होती. सुमारे 6 लाख 28 हजार डॉलर भरपाई ठरली. पुढे बॉस्टनमध्ये इंजिनिअरची सही असलेले नकाशे आणि आकडेमोड पालिकेत दाखल करणं सक्तीचं झालं.

शंभरेक वर्षांनी रोनाल्ड मेव्हिल या इंजिनिअरने हे प्रकरण पुन्हा तपासलं. त्यांच्या मते पत्रा त्या काळच्या मापानेही निम्माच जाड होता. शिवाय पोलादात मँगनीज कमी, त्यामुळे थंडीत ते ठिसूळ व्हायचं. यातल्या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतो. थंडीत पोलाद काचेसारखं तडकतं हे 1915 साली कोणालाच नीट उमगलेलं नव्हतं. ते समजायला दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी जहाजं दुभंगावी लागली. त्याबद्दल जेलना मी दोष देणार नाही. पण पत्रा किती जाड हवा, हे तेव्हाही माहीत होतं. आणि पाणी भरून बघणं तर विहिरीवरच्या हौदालाही करतात.

1961 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय 650 या मानकाची पहिली आवृत्ती आली. आपल्याकडे आयएस 803 आहे. पत्र्याची जाडी, वेल्डिंग, थंडीत चालणारं पोलाद, पाण्याची चाचणी, सगळं त्यात लिहिलेलं. तरीही 2 जानेवारी 1988 ला पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे अ‍ॅशलँड ऑइलची डिझेलची टाकी फाटली. चाळीस वर्षं जुनं पोलाद दुसऱ्या गावाहून आणून पुन्हा जोडलेलं. थंडी होती, टाकी पहिल्यांदाच जवळपास काठोकाठ भरत होती. तळाजवळ वेल्डशेजारी एक जुना दोष होता, तिथून चीर सुटली. सुमारे 28 लाख लिटर डिझेल मोनोंगाहेला नदीत गेलं आणि खालच्या गावांचं पिण्याचं पाणी तुटलं. पाण्याने पूर्ण भरून चाचणी? झाली नव्हती. जुन्या टाक्यांची तपासणी, दुरुस्ती आणि पुनर्जोडणी यांसाठीचं एपीआय 653 हे स्वतंत्र मानक त्यानंतर, 1991 मध्ये आलं.

दिवाळीला मामांना हे सगळं सांगितलं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बॉस्टन त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, पण सहा इंचांशी आल्यावर थांबवलं. ‘‘सहा इंच? तेवढ्यात तर टाकीचा तळ बी नीट भिजत न्हाई.’’ मग त्यांच्या नव्या टाकीची गोष्ट निघाली. पाणी भरायलाच किती दिवस गेले, गाळप सुरू व्हायची वेळ झालेली, वरून रोज विचारणा. पाव भरली की थांबायचं, पाया खचलाय का बघायचं. अर्धी भरली की पुन्हा. काठोकाठ भरल्यावर पुरा एक दिवस तशीच ठेवायची.

‘‘मग त्या रात्री तुम्ही काय करायचात?’’

‘‘काय करायचं? बॅटरी घ्यायची आन् भोवती फिरायचं. सांध्या-सांध्याला हात लावून बघायचा, वला लागतोय का.’’