ड्रॅगनची निवासस्थाने (कोकण किनारा)

ड्रॅगनची निवासस्थाने : ड्रॅगन हा प्रचंड आकाराचा, काही परंपरांत पंख असलेला आणि आग ओकणारा कल्पित सरपटणारा प्राणी आहे. तो खरोखर असता तर माणसाच्या नजरेआड कोठे राहिला असता, हा प्रश्न मात्र प्राणिशास्त्राच्या कक्षेत येतो, कारण मोठे सरपटणारे प्राणी दाट लोकवस्तीला लागून आजही दडून राहतात. प्रस्तुत नोंदीत मिरा-भाईंदरमधील राई व त्याभोवतीची खाडीपट्टी मुख्यतः विचारात घेतली असून कोकण, गोवा, कच्छ आणि इंडोनेशिया येथील प्राण्यांचा तुलनेपुरता उल्लेख केला आहे.

परंपरेतील जागा : भारतीय परंपरेत ड्रॅगनशी तुलना करता येतील अशा नागांची वस्ती पाताळात, नदीच्या डोहात, वारुळात किंवा घनदाट अरण्यात सांगितली जाते. कालिया यमुनेच्या डोहात राहत होता. तक्षकाचे निवासस्थान खांडववन होते. महाभारतातील कथेनुसार अग्नीने ते वन जाळले, त्या वेळी तक्षक कुरुक्षेत्रात असल्याने वाचला आणि त्याचा पुत्र अश्वसेन निसटला. याच प्रदेशात पांडवांचे इंद्रप्रस्थ भरभराटीला आले. अधिवासाचा नाश इतक्या स्पष्टपणे सांगणारी ही कथा अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावी अशी आहे. वारुळाची पूजा महाराष्ट्रात नागपंचमीला अनेक ठिकाणी होते.

जीवशास्त्रीय अटी : सरपटणाऱ्या प्राण्याला शरीर तापवण्यासाठी ऊन लागते, पण अन्न तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने फार थोडे पुरते. त्यामुळे तो दिवसाचा मोठा भाग बिळात निश्चल राहू शकतो. त्याला चार गोष्टी हव्यात : उन्हाची जागा, खाद्य, अंडी उबवणारी माती आणि कोणी न उकरणारे बीळ. निर्जन प्रदेश ही अट त्यात नाही.

अग्नी : ज्ञात सरपटणाऱ्या प्राण्यांत आढळत नाही.

राई परिसर : राई हे भाईंदर पश्चिमेस, भाईंदर–उत्तन रस्त्यावरील जुने गाव आहे. मुर्धे आणि मोर्वा ही शेजारची गावे, पुढे डोंगरी व उत्तन. उत्तरेस वसईची खाडी, दक्षिणेस गोराई-मनोरीची खाडी, पूर्वेस शहर ओलांडल्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मिरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये आणि महानगरपालिका २००२ मध्ये झाली. वस्ती झपाट्याने वाढली, तरी मिठागरे, खाजणे, तिवरांची झाडी आणि डोंगरीकडचा झाडोरा असे चार प्रकारचे अधिवास येथे एकमेकांना लागून आहेत. मिठागराचा मातीचा बांध सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो भरतीच्या पाण्याच्या वर राहतो, दिवसभर ऊन घेतो, त्यात खेकडे आणि उंदीर बिळे करतात, आणि मिठाच्या हंगामाबाहेर त्यावर माणसांचा वावर कमी असतो.

घोरपड : (व्हॅरॅनस बेंगालेन्सिस). कोकणातील सर्वांत मोठा सरडावर्गीय प्राणी आणि या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा. प्रौढाची लांबी शेपटीसह सामान्यतः १ ते १.५ मी., क्वचित त्याहून अधिक. कोमोडो ड्रॅगन याच प्रजातीत (व्हॅरॅनस) मोडतो. म्हणजे ड्रॅगन म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याचा सख्खा भाऊबंद मुंबई-ठाण्याच्या परिसरात राहतो. ठाणे किनारपट्टीवरील बांध, खडकांच्या फटी, जुन्या झाडांच्या ढोल्या, पडक्या विहिरी व गडगे या तिच्या जागा. घोरपड दिवसा हिंडते. ऊन चढल्यावर बाहेर पडते आणि संध्याकाळपूर्वी बिळात परतते. पिले बराच काळ झाडांवर राहतात. खाद्यात भुंगेरे व त्यांच्या अळ्या, खेकडे, गोगलगायी, अंडी, उंदीर आणि मेलेली जनावरे येतात. दुभागलेली जीभ सतत बाहेर काढून ती हवेतील गंधकण टिपते. माणसाची चाहूल लागताच ती दिसेनाशी होते. यामुळे वर्षानुवर्षे एकाच बांधावर राहणारी घोरपड शेजारच्या इमारतीतील रहिवाशांना ठाऊक नसते आणि पावसाळ्यात ती वाहनतळात शिरली की सर्पमित्राला बोलावणे जाते.

मादी अनेकदा वाळवीच्या वारुळात अंडी घालते. ती वारूळ उकरते, साधारण २० अंडी घालून भोक मातीने बुजवते आणि निघून जाते. वाळवी ते भगदाड दुरुस्त करते. वारुळाच्या आत तापमान व ओल स्थिर राहत असल्याने अंडी सुरक्षित उबतात. पिले बाहेर पडण्यास सहा ते आठ महिने लागतात. कोमोडो ड्रॅगनची मादीही बहुधा मेगापोड पक्ष्याने रचलेल्या ढिगात अंडी घालते. अशा प्राण्यांच्या दडण्याच्या जागा पुष्कळदा दुसऱ्याच कोणी बांधलेल्या असतात : वाळवीने, पक्ष्याने, किंवा मिठागराच्या बांधावर माती टाकणाऱ्या मजुराने. बांधणारा गेला की जागाही जाते. अधिवासाचा विचार करताना हा मुद्दा सहसा सुटतो.

वॉल्टर ऑफनबर्ग यांनी कोमोडो ड्रॅगनवर १९८१ मध्ये आणि घोरपडीवर १९९४ मध्ये सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केले. दोन्ही प्राण्यांच्या वर्तनाची पुष्कळशी माहिती त्यांच्यामुळे उपलब्ध झाली. पूर्वी दिमडीसारख्या वाद्यांना घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असल्याने शिकार व व्यापार गुन्हा आहे; तरीही मांस, तेल आणि ‘हत्ताजोडी’ यांसाठी ती मारली जाते. हत्ताजोडी ही वनस्पतीची मुळी म्हणून विकली जात असली, तरी तपासणीत ती नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे सिद्ध झाले आहे. सिंहगडावरील (१६७०) ‘यशवंती’ घोरपडीची कथा लोकप्रिय आहे. या कथेच्या ऐतिहासिकतेबद्दल मतभेद आहेत.

मगर : (क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस). मुंबईतील तुळशी, विहार व पवई हे तलाव, चिपळूणजवळची वाशिष्ठी, सांगलीकडील कृष्णा येथे आढळते. उन्हाळ्यात व थंडीत ती काठाच्या मातीत स्वतः खणलेल्या लांब बिळात राहते. गोव्यात कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात खाजण शेती करणारे काही समाज पौष अमावास्येला बांधाजवळ मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. या विधीला मांगे थापनी म्हणतात. बांध राखणारा शेतकरी आणि बांधालगत राहणारी मगर यांच्या सहवासाची इतकी थेट नोंद दुसऱ्या कोणत्याही विधीत क्वचितच सापडेल.

उडता सरडा : (ड्रॅको डुसुमिएरी). ड्रॅगनचे नाव शास्त्रीय नावातच धारण करणारा हा प्राणी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, गोवा व त्यालगतच्या पट्ट्यात आढळतो. लांबी शेपटीसह सुमारे २० सेंमी. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या पडद्याच्या आधाराने तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. मुख्य खाद्य मुंग्या. रंग सालीसारखा असल्याने बुंध्याला चिकटलेला असताना ओळखू येत नाही. नर गळ्याखालचा पिवळा पडदा उघडतो तेव्हाच जागा कळते. मादी अंडी घालण्यापुरती जमिनीवर उतरते. सुपारीच्या बागांमध्ये तो माणसांच्या डोक्यावर राहतो.

कोमोडो ड्रॅगन : इंडोनेशियातील काही बेटांवर. लांबी सुमारे ३ मी.पर्यंत. पीटर ओवेन्स यांनी १९१२ मध्ये शास्त्रीय वर्णन केले. तोवर तो विज्ञानापासून दडलेला होता; स्थानिक रहिवाशांना तो पूर्वापार माहीत होता.

जीवाश्म : कच्छमधील वासुकी इंडिकस (२०२४ मध्ये वर्णन, अंदाजे लांबी ११ ते १५ मी.) हा अजस्र साप.

सद्यःस्थिती : मुंबई मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गिकेची कारशेड प्रथम राई-मुर्धे-मोर्वा येथे योजली होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे नेण्याचे ठरले. तेथील वृक्षतोडीलाही विरोध झाला. या प्रकल्पाच्या गरजेबद्दल भिन्न मते आहेत. कांदळवनांना कायद्याने संरक्षण आहे, परंतु मिठागराचे जुने बांध, वारुळे, दगडी गडगे आणि पोकळ झाडे यांची अधिवास म्हणून वेगळी नोंद सहसा ठेवली जात नाही. बांध सिमेंटचा केला, वारूळ सपाट केले किंवा ढोली असलेले झाड धोकादायक ठरवून तोडले, तर कागदावर हरित क्षेत्र तेवढेच राहते आणि घोरपडीचे घर मात्र जाते. नव्या रोपांना तशी ढोली पडण्यास अनेक दशके लागतात. प्रत्येक गावाने अशा जागांची यादी करून ती विकास आराखड्याला जोडणे हा सर्वांत स्वस्त आणि तातडीचा उपाय आहे. राईसारख्या गावांत आगरी आणि कोळी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना बांध, उघाड्या (बांधातील पाण्याची दारे) व बिळे यांची माहिती असते. ही यादी त्यांच्यापासून सुरू करावी.