लिंक नेमकी कुठे तुटते?

खेड्यातलं बिनतारी इंटरनेट अचानक गेलं की माणूस आधी वर बघतो. डिश हलली असेल, ढग आले असतील, मधे झाड आलं असेल. सन २००० नंतरच्या काही वर्षांत शहरी वाय-फायचं स्वस्त यंत्र लांब पल्ल्यासाठी वापरू पाहणाऱ्या संशोधकांनाही अंतर हीच मोठी अडचण वाटत होती. शेदोनशे फुटांसाठी घडवलेलं यंत्र पंधरा-वीस किलोमीटरवरून पोच येण्याची वाटच पाहत नसे. उत्तर आलं नाही असं समजून तेच पुन्हा पाठवत बसे. हा दोष प्रणालीत बदल करून दूर झाला. २००७ मध्ये एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात ३८२ किलोमीटरवर वाय-फाय जोडून दाखवलं. एवढी मजल मारणारी लहर पंधरा किलोमीटरवरच्या गावात दर थोड्या दिवसांनी का हरवत होती, याचं उत्तर हवेत नव्हतं.

ते मिळालं तमिळनाडूतल्या थेनीत आणि हिमाचलातल्या धरमशालेत. थेनीत अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतली दृष्टिकेंद्रं बिनतारी लिंकने जोडली. केंद्रातला रुग्ण पडद्यावरून थेट डॉक्टरांशी बोलू लागला. धरमशालेत एअरजलदी या संस्थेचं बिनतारी जाळं डोंगरांवर पसरलं. दोन्हीकडच्या अनुभवाचा लेखाजोखा सोनेश सुराना, रबिन पात्रा, एरिक ब्रूअर आदी संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. माझ्या मते भारतातल्या ग्रामीण इंटरनेटच्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे, कारण त्यात यशापेक्षा बिघाडांचा हिशेब मोठा आहे. बहुतेक बिघाडांचं मूळ निघालं विजेत. लाइट जाणं हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. खरा घात येणाऱ्या विजेने केला. हजार व्होल्टपर्यंतचे झटके नोंदले गेले. उलट व्होल्टेज फार खाली गेलं की राउटर धड बंदही होत नसे, धड चालूही होत नसे. दिवा लागलेला, यंत्र मात्र अडकलेलं. लिहिणं चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडे आणि पुढच्या वेळी यंत्र उठतच नसे. शहरातल्या तज्ज्ञाला या साऱ्याचा एकच अर्थ दिसे: सिग्नल गेला.

यावर कोणी म्हणेल, झाडं आणि पाऊस काही खोटे नाहीत. खरंच आहे. ५.८ गिगाहर्ट्झवर दहा किलोमीटरच्या लिंकला मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे अकरा मीटर त्रिज्येची पोकळी लागते. नुसतं समोरचं टोक दिसून भागत नाही. पण झाड रात्रीत वाढत नाही. त्याने सिग्नल महिनोन् महिने हळूहळू उतरतो, आणि पावसाने या लहरी एवढ्या अंतरावर फारशा क्षीण होत नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या गावांसाठी दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरी निवडल्या त्या झाडीतून त्या अधिक चांगल्या पार होतात म्हणून. तिथली झाडी ही पहिल्या दिवसापासूनची अडचण होती. वारा डिश फिरवतो हेही मान्य, पण तेव्हा सिग्नल कमी होऊनही दोन्ही टोकांची यंत्रं जिवंत असतात. एका क्षणात सगळंच शून्य झालं, तर आधी वीज, मग केबल, आणि शेवटी आकाश, हा क्रम त्या अनुभवातून निघतो.

मग स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावला की झालं, असा दुसरा आक्षेप. साधा यूपीएस लाइट गेल्यावरच बॅटरीवर जातो. लाइट असताना झटका तसाच पुढे पाठवतो. आणि राउटर अर्धवट अडकू नये म्हणून थेनी-धरमशालेच्या मंडळींनी व्होल्टेज ठरावीक पातळीखाली जाताच यंत्र पूर्ण तोडणारी जोडणी बसवली. बिघडलेल्या लिंकमधूनच बिघाड कळवणं शक्य नसल्याने राउटरपर्यंत पोचायला वेगळी वाट ठेवली. आणि केंद्रातल्याच माणसांना शिकवलं: कोणता दिवा लागतोय ते फोनवर नीट सांगायचं, वायर काढून पुन्हा लावायची, सुटं यंत्र बदलायचं. हे जमू लागल्यावर छोट्या बिघाडासाठी दूरच्या इंजिनिअरची वाट बघायची गरज उरली नाही.