बुगालूचे तीन वर्षांचे राज्य

न्यूयॉर्क शहरात ब्रॉडवे आणि त्रेपन्नावा रस्ता जेथे मिळतात तेथे पॅलेडियम नावाचे एक नृत्यगृह होते. १९५० नंतरची दहा-बारा वर्षे ते मॅम्बो नृत्याची जणू राजधानीच होते. टीटो पुएन्ते, टीटो रॉड्रिगेझ आणि माचितो या तीन वाद्यवृंदनायकांचे तेथे अधिराज्य चाले. १९६६ मध्ये पॅलेडियम बंद पडले. तत्पूर्वीच, १९६२ मध्ये, अमेरिकेने क्यूबाशी व्यापार तोडल्यामुळे हवानाहून येणारा नव्या संगीताचा ओघही आटला होता. या रिकाम्या जागेत जे संगीत शिरले त्याचे नाव बुगालू.

हे आणले कोणी? प्वेर्तो रिको बेटातील लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. दुसऱ्या महायुद्धानंतर ते हजारोंनी न्यूयॉर्कला आले आणि पूर्व हार्लेम व दक्षिण ब्राँक्स या वस्त्यांत राहिले. त्यांची मुले घरात स्पॅनिश बोलत, रस्त्यावर इंग्रजी. वडिलांच्या तबकड्यांवर ती बोलेरो ऐकत आणि शेजारच्या कृष्णवर्णीय मित्रांबरोबर 'सोल' गात. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही मुले मात्र दोन्ही घरी पोटभर जेवली!

जो क्यूबा यांच्या वाद्यवृंदाची हकीकत प्रसिद्धच आहे. एका नृत्यसभेत श्रोते बहुतेक कृष्णवर्णीय होते, आणि मॅम्बो वाजू लागला तरी कोणी जागचे हलेना. तेव्हा गायक जिमी सबाटेर यांच्या आग्रहावरून पियानोवर एक साधीच सुरावट सुरू झाली. पाहता पाहता सारे नाचू लागले, आणि आपण होऊन घोषही करू लागले. त्यातूनच १९६६ चे 'बँग बँग' जन्मास आले. पियानोवर चा-चा-चाचे चक्र, खाली काँगाचा नाद, वर इंग्रजी शब्द, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळ्या. बुगालूचे सारे रहस्य एवढेच. पुढच्याच वर्षी पीट रॉड्रिगेझ यांचे 'आय लाइक इट लाइक दॅट' गाजले. फिलिपिनो पिता व कृष्णवर्णीय माता यांचे पुत्र जो बटान यांनी कर्टिस मेफिल्डचे 'जिप्सी वूमन' नव्या ठेक्यावर बसवले. हे गृहस्थ प्वेर्तो रिकन नसूनही त्या वस्तीचे लाडके गायक ठरले, यातच या संगीताचा स्वभाव दिसतो.

जुन्या जाणत्यांना हे रुचले नाही. क्यूबन संगीताचा कणा म्हणजे 'क्लाव्हे', म्हणजे दोन आवर्तनांत विभागलेला पाच आघातांचा ठेका. तो या पोरांना कळत नाही, वाद्ये सुरात नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार अगदीच निराधार नव्हती. कित्येक वादक विशीच्या आतले होते, आणि त्या मुद्रिकांत कच्चेपणा ऐकू येतो. परंतु बुगालूचा मनस्वी तिटकारा करणारे एडी पाल्मिएरी यांनीही १९६८ मध्ये 'आय के रिको' हे बुगालूच ध्वनिमुद्रित केले, आणि खुद्द पुएन्ते यांनाही हा मोह आवरला नाही. श्रोता दुसरीकडे चालला की शुद्धतेचा आग्रह थोडा सैल होतो!

१९६९ च्या सुमारास सारे ओसरले. ज्येष्ठ वादक, मुद्रिका-कंपन्या व कार्यक्रमांचे ठेकेदार यांनी संगनमताने आपला गळा आवळला, असे त्या पिढीतले काही कलावंत शेवटपर्यंत सांगत राहिले. एका रात्रीत अनेक ठिकाणी तुटपुंज्या मोबदल्यात वाजवण्यास नकार दिल्यामुळे आपल्यावर बहिष्कार पडला, असेही त्यांचे म्हणणे. मला हे पूर्ण सत्य वाटत नाही, कारण नृत्याच्या लाटा आपोआपही ओसरतात; परंतु निव्वळ कल्पनाही वाटत नाही. फानिया कंपनीने पुढे 'साल्सा' या नावाने जे संगीत जगभर नेले त्यात पुन्हा स्पॅनिशला मान मिळाला, आणि बुगालूचा उल्लेख संकोचाने होऊ लागला.

कोलंबियातील काली शहराला मात्र हा संकोच नव्हता. तेथील नर्तक मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकड्या ४५ च्या गतीने फिरवून त्यावर विजेसारखी पावले टाकीत. त्या शहराच्या नृत्यशैलीत ती घाई मुरली. २०१८ मध्ये कार्डी बी या गायिकेने पीट रॉड्रिगेझ यांच्या त्याच गीताचा तुकडा आपल्या गाण्यात गुंफला, आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जॉनी कोलोन यांनी पूर्व हार्लेममध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. बटान यांनी गाणे बाजूस ठेवून, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांच्या सुधारगृहात अनेक वर्षे काम केले. तरुणपणी तेही तुरुंगात राहिलेले होते. २००५ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.