हाताचे कसब आणि मान्यतेचा शिक्का

मंडळी, डहाणू-तलासरीकडे चिकूच्या वाडीत विहिरीवर विजेची मोटर असते. ती बंद पडली की वाडीवाला गावातल्याच एखाद्या हुशार पोराला हाक मारतो. पोरगा येतो, टेस्टर लावतो, स्टार्टर उघडतो, वाइंडिंग जळले की काय ते नुसत्या वासावरून सांगतो. कसब त्याच्या हातात आहे. पण हाच पोरगा उंबरगाव, वापी किंवा बोईसरच्या कारखान्याच्या फाटकावर गेला, की पहिला प्रश्न येतो, "सर्टिफिकेट कुठे आहे?" नसेल तर त्याला हेल्पर म्हणून घेतात. काम इलेक्ट्रिशियनचे, दाम हेल्परचा!

१९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. त्याखाली मजुरीचे दर ठरू लागले ते बहुधा कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा रकान्यांनी. आपल्या पोराचे नाव कोणत्या रकान्यात पडायचे, हे पुष्कळदा त्या एका कागदावर ठरते. तो कागद आला कुठून, आणि तो मुलाच्या हाती पडावा म्हणून शाळेने काय केले पाहिजे, याची हकीगत आज ऐका.

श्रमाचे मोल मागण्याची गोष्ट या भागाला नवी नाही. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारली शेतमजूर हजारोंनी जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर त्या मजुरांनी निश्चय केला, की यापुढे जमीनदाराच्या शेतावर वेठीने, फुकट राबायचे नाही. त्याच साली जवळच्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा कुरणातच शाळा भरवली गेली. एकीकडे श्रमाला मोल हवे ही मागणी, दुसरीकडे मुलाच्या हाताशी असलेल्या वस्तूंतूनच शिक्षण. आपल्या विषयाची ही दोन्ही मुळे याच मातीतली आहेत, बरं का!

हाताने शिकण्याचा विचार देशात त्याआधीच निघाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आला, पण तो मुख्यतः सूतकताई, विणकाम, सुतारकाम, शेती असा होता. वीज तेव्हा खेड्यात पोचायची होती. विजेच्या कामाचे शिक्षण आले ते वेगळ्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात सरकारला कारागीर हवे होते, म्हणून प्रशिक्षण केंद्रे निघाली. युद्ध संपल्यावर तेथे सैन्यातून परतलेले जवान शिकले, आणि फाळणीनंतर निर्वासितही. १९५० साली त्यातूनच कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली, आणि सुमारे ५० औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आरंभ झाला. आपण ज्याला 'आयटीआय' म्हणतो, ती हीच.

आता पाहा, मुंबईत शिकलेला वायरमन आणि कानपूरला शिकलेला वायरमन यांचे माप एक कसे धरायचे? शिवराव समितीने यावर शिफारशी केल्या, आणि १९५६ मध्ये राष्ट्रीय परिषद नेमली गेली. अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कशी, प्रमाणपत्र कोणाला, हे तिने ठरवायचे. मान्यतेचा शिक्का आला तो येथून. त्याच १९५६ साली भारतीय वीज नियम आले. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे आणि सक्षमतेचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली ते व्हावे, असे त्यांतील ४५ व्या नियमाने सांगितले. ते नियम पुढे बदलले. तत्त्व मात्र कायम राहिले.

तुम्ही म्हणाल, एवढी कडक अट कशाला? विजेची चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. सुताराने खुर्चीचा पाय वाकडा लावला तर तो दिसतो. अर्थिंगची तार सुटलेली असली तरी मोटर मात्र झकास चालते. मग पावसाळ्यात कोणीतरी ओल्या पायाने मोटरच्या पत्र्याला हात लावतो, आणि तो हात सुटत नाही. मान्यता देणारा तपासनीस शाळेत येऊन जागा, वीजभार, हत्यारे आणि निदेशक पाहतो, तो याचसाठी. वीस मुलांच्या तुकडीला एकच मल्टिमीटर असेल, तर अठरा-एकोणीस मुले नुसती बघून शिकणार. बघून शिकलेल्या हाताला अर्थिंग तपासायची सवय लागत नाही.

शाळांकडेही हे शिक्षण हळूहळू आले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकण्याची सोय झाली. महाराष्ट्रात १९७८-७९ पासून अकरावी-बारावीला द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आले, आणि १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम. मधल्या काळात, १९८४ मध्ये, राज्यात व्यवसाय शिक्षणाचे स्वतंत्र संचालनालय झाले. २०१३ मध्ये कौशल्याच्या पायऱ्या ठरवणारा राष्ट्रीय आराखडा आला. जुन्या परिषदेच्या जागी २०१८ मध्ये नवी राष्ट्रीय परिषद जाहीर झाली आणि २०२० मध्ये तिचे काम सुरू झाले.

गुरुजनहो, यात एक फरक पालकांना समजावून सांगा. शाळेत विजेचा विषय घेणे निराळे, आणि मान्यताप्राप्त इलेक्ट्रिशियनचा व्यवसाय शिकणे निराळे. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्याला दहावी पास लागते, विज्ञान-गणित घेऊन. वायरमनचा अभ्यासक्रमही दोन वर्षांचाच, पण त्याला आठवी पास चालते. भातलावणी, वीटभट्टी, स्थलांतर यांमुळे ज्या पाड्यावरची मुले दहावीपर्यंत टिकत नाहीत, तेथे ही एक ओळ मोलाची आहे. आठवी झालेल्या मुलाला 'आता तुझे शिक्षण संपले' असे कोणी सांगू नये.

डहाणूला या शिक्षणाची गरज अधिकच. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि कारखान्यांवर बंधने आली. बागा, समुद्र, जंगल राखायचे तर ती बंधने हवीतच. पण मग पोरांना काम कोणते? पंप, घरांची वायरिंग, शीतगृहे, सौर दिवे ही कामे धूर न काढता होतात. शिवाय १९६९ मध्ये शेजारी तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि १९९५ मध्ये डहाणूतच ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र. वीज जेथे तयार होते, तेथल्या मुलांनी ती शिकू नये काय?

म्हणून कोणतीही शाळा वा संस्था 'इलेक्ट्रिशियन कोर्स' अशी पाटी लावील, तेव्हा फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. या तुकडीला मान्यता मिळाली आहे की नुसता अर्ज गेला आहे? परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर नाव कोणाचे? आणि त्या प्रमाणपत्रावर पुढे शिकाऊ उमेदवारी व वायरमनचा परवाना मिळतो का? उत्तर तोंडी घेऊ नका, मान्यतेचे पत्र पाहा. आणि ज्या शाळांना तुकडी काढायची आहे, त्यांनी आधी निदेशक आणि हत्यारे आणावीत, तपासणी होऊ द्यावी, मगच मुलांची नावे लिहावीत. मुलाची दोन वर्षे गेली आणि हाती बिनशिक्क्याचा कागद आला, तर तेही एक प्रकारचे फुकट राबणेच झाले. ते राबणे या भागातल्या माणसांनी १९४५ सालीच नाकारले आहे.