कुब्ज संस्थान आणि कण्याच्या उपचारांची वाटचाल

जैन कर्मसिद्धांतात शरीराच्या आकारास ‘संस्थान’ अशी संज्ञा असून समचतुरस्र, न्यग्रोधपरिमंडल, स्वाती, कुब्ज, वामन व हुंडक असे त्याचे सहा भेद नामकर्माच्या विवेचनात येतात. पाठशाळेत अनेकांनी ते पाठ केले आहेत. परंतु कुब्जत्व हे नामकर्माचे फळ आहे असे जाणणे निराळे आणि त्यावर उपायच नाही असे मानणे निराळे. औषधदानास चार दानांत स्थान देणाऱ्या परंपरेने हा दुसरा अर्थ शिकविलेला नाही.

कणा बाजूस वळणे यास वैद्यकशास्त्रात स्कोलिओसिस म्हणतात. कणा वळताना स्वतःभोवती पिळला जातो, बरगड्या एका बाजूने वर येतात आणि पाठीवर उंचवटा दिसू लागतो. प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या काळी अशा रुग्णास ताण देऊन कणा सरळ करण्याचा प्रयत्न होत असे. पुढे कित्येक शतके यापलीकडे फारशी प्रगती झाली नाही. 1865 च्या सुमारास विल्यम अॅडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने रुग्णास पुढे वाकवून पाठ पाहण्याची पद्धत मांडली. आजही प्राथमिक तपासणी तीच आहे आणि तिला पैसा लागत नाही.

विसाव्या शतकात या उपचारांना गती मिळाली, ती बव्हंशी पोलिओमुळे. पाठीचे स्नायू एका बाजूने लुळे पडले की वाढत्या मुलाचा कणा वाकत जाई. मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या पुढाकाराने 1947 मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली व पुढे हाजीअली येथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय झाले. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी 1965 मध्ये आपले रुग्णालय सुरू केले. अमेरिकेत 1940 च्या दशकात हनुवटीपासून कंबरेपर्यंतचा मिलवॉकी पट्टा आला. ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी पोलादी सळईची शस्त्रक्रिया विकसित करून 1962 मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर मुलाला कित्येक महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे. आता मणक्यांत स्क्रू बसवितात आणि रुग्ण काही दिवसांतच चालू लागतो.

2014 मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला, तरी स्कोलिओसिस उरलाच. आज बहुतेक मुलांत त्याचे कारण सापडत नाही. वाढत्या वयात साधारणपणे 25 अंशांपर्यंतच्या बाकावर केवळ लक्ष ठेवतात, 25 ते 40 अंशांस पट्टा देतात व 45 ते 50 अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. पट्ट्याचा उपयोग होतो की नाही, हा वाद 2013 च्या अमेरिकन अभ्यासाने बराचसा मिटविला. पट्टा बांधलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. न बांधलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होते.

मोठा बाक मुलींत अधिक आढळतो आणि तो वाढतो दहा ते चौदा या वयात. नेमके तेव्हाच ओढणी येते, आणि पुढे स्थळे पाहताना अडचण नको म्हणून घरातच गोष्ट झाकली जाते. पट्ट्याचे वय असे निघून जाते.

1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला आणि 2020 मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सुरत, मुंबई वा पुण्याचाच विचार करावा लागतो. आपल्या समाजाला शिबिरांची परंपरा आहे. दुभंगलेल्या ओठांसाठी भारतीय जैन संघटनेने घेतलेली शिबिरे सर्वांना ठाऊक आहेत. ओठ एका शस्त्रक्रियेत जुळतो. कण्याचे तसे नाही. शिबिरात बाक ओळखता येईल, पण पुढे दर चार-सहा महिन्यांनी एक्स-रे, दररोज सुमारे 18 तास पट्टा, आणि मूल वाढले की तो लहान होतो म्हणून दुसरा पट्टा, असे वाढ थांबेपर्यंत चालते. पहिल्या पट्ट्याला दाते मिळतात. दुसऱ्याची तरतूद विश्वस्तांनी आरंभीच करून ठेवणे इष्ट.